पाच फुटांतलं तोरण

“हे जळेल.”

एवढे दोनच शब्द. तर्जनी ताणायची, एक डोळा बारीक करायचा आणि ज्योतिष्याने मरण सांगावं तशा थंड आवाजात सांगून टाकायचं. मावशी आमच्या अंगणात पहिल्यांदा आल्या, तेव्हा ‘कशी आहेस’ विचारायच्या आधीच आमचं पायपुसणं जळलं, मग झाडू, मग माझं लाडकं जुनिपरचं झुडूप. शेवटी बोट भिंतीला टेकलेल्या लाकडी आरामखुर्चीवर येऊन थांबलं. खुर्चीत माझा नवरा घोरत होता.

“हेही जळेल. आत घे.”

बॉथेल शहराच्या सततच्या पावसाला विटून आम्ही डोंगर ओलांडून या कोरड्या उतारावर राहायला आलो. पाइनची झाडं, लख्ख ऊन! घर विकणारीने ‘निसर्गाच्या कुशीत’ म्हणून सांगितलं होतं. ही कूस दर उन्हाळ्यात पेटते, हे सांगायला ती बाई विसरली.

ते सांगायला शेजारच्या मावशी होत्या. नागपूरच्या. नवरा गेलेला, नोकरी संपलेली. आणि ती नोकरी इन्शुरन्स कंपनीत, क्लेमच्या खात्यात. जळून गेलेल्या घरांचे फोटो बघत त्यांनी दुपारचे डबे खाल्ले होते. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांना कुठल्याही दिवाणखान्यात आधी राखच दिसते.

त्या वर्षी आमच्या गल्लीला विमा कंपनीने बजावलं, की भिंतीपासून पाच फुटांत जळण्यासारखं काही दिसलं तर पॉलिसी रिन्यू होणार नाही. आम्ही कुरकुरलो. मावशी मात्र पांढऱ्या पडल्या. विम्याशिवाय बँक घराचं कर्ज चालू ठेवत नाही; पॉलिसी गेली की घर गेलं, आणि घर गेलं की देशाच्या पार दुसऱ्या टोकाचं अल्फारेटा. तिथे मुलाने त्यांच्यासाठी बेसमेंट सजवून ठेवलं होतं.

“बेड आहे, टीव्ही आहे, छोटा फ्रिजसुद्धा आहे म्हणतो,” त्या म्हणाल्या. “मी काय मुरायला ठेवलेलं लोणचं आहे का गं?”

मग त्यांनी गल्ली ताब्यात घेतली. पन्हाळीतली पाइनची वाळकी, सुईसारखी पानं उपसायला लावली, छपराच्या झरोक्यांना बारीक जाळी ठोकून घेतली, भिंतीलगतची फुलझाडं उपटून तिथे खडी पसरायला लावली. उद्या क्लेम करायची वेळ आली तर पुरावा हवा, म्हणून प्रत्येकाला कपाटं उघडून घराचा व्हिडिओ काढायला लावला. माझं साड्यांचं कपाट बघून म्हणाल्या, “यातल्या किती नवऱ्याला ठाऊक आहेत? आवाज बंद ठेवून काढ.”

समोरचा पुणेकर कळवळला, “मावशी, यार, थोडं तरी हिरवं राहू द्या!”

“राहू दे की. सहाव्या फुटावर.”

आणि ऑगस्टमध्ये एके दिवशी मला खजिना सापडला. मावशींच्याच दारावर, चौकटीला, पाडव्याचं तोरण! बॉथेलपर्यंत गाडी हाकून आणलेली आंब्याची पानं, आता पापडासारखी वाळलेली. अशी संधी मी सोडते काय! सगळ्या गल्लीसमोर बोट ताणलं, डोळा बारीक केला.

“मावशी, हे जळेल.”

हशा पिकला. मावशीही हसल्या. मग पदर नसतानाही पदर खोचल्यासारखं करून म्हणाल्या, “पाडव्याचं तोरण दसऱ्याला उतरतं. मध्येच दार बोडकं ठेवतात का?”

पाडवा ते दसरा. आमच्याकडचा आगीचा मोसम या दोघांच्या बरोबर मध्ये बसतो. विमा कंपनीचा इन्स्पेक्टर आला, त्याने ‘ब्यूटिफुल’ म्हणून तोरणाचा फोटो काढला आणि मावशींची पॉलिसी रिन्यू झाली. आनंदाने त्यांनी गल्लीभर श्रीखंड वाटलं.

सप्टेंबरात वारा फिरला. भरदुपारी आभाळ शेंदरी झालं आणि आम्हाला शाळेच्या जिममध्ये हलवलं. मावशींच्या फोनवर त्यांच्या दारावरच्या बेलच्या कॅमेऱ्यातून अंगण दिसत होतं. आम्ही सगळे त्यांच्या खुर्चीभोवती जमलो. अंगणात ठिणग्या पडत होत्या, खडीवर पडून विझत होत्या.

“बघ, विझली. ही पण विझली!” मावशी क्रिकेटची मॅच बघावी तशा टाळ्या देत होत्या.

मग वाऱ्याने एक ठिणगी वर उचलली. चित्राच्या वरच्या कोपऱ्यात तोरणाचं एक पान कायम लोंबत असायचं. ते लाल झालं.

मावशींची तर्जनी आपोआप वर आली.

“हे...” त्या म्हणाल्या.

थोड्या वेळाने फोनचा पडदा काळा झाला.

परतलो तेव्हा सगळी गल्ली उभी होती. माझं घर, पुणेकराचं घर, ती आरामखुर्चीसुद्धा. दात पडल्यासारखी मध्ये एकच जागा रिकामी. क्लेम मात्र एका झटक्यात मंजूर झाला. मावशींइतका चोख व्हिडिओ कुणाचाच नव्हता. पण त्या जागेवर नवं घर बांधलं तर त्याचा विमा उतरवायला एकही कंपनी तयार होईना. मावशी अल्फारेटाला गेल्या.

परवा पाडव्याला त्यांचा फोन आला.

“तोरण लावलंस?”

“लावलं, मावशी.”

“संध्याकाळी काढून टाक.”

“अहो, दसऱ्यापर्यंत...”

“संध्याकाळी काढ म्हणते ना!”

मी बरं म्हटलं. मग विषय बदलायचा म्हणून विचारलं, “तुम्ही लावलंत का?”

“वर सुनेने लावलंय,” मावशी म्हणाल्या. “मी खाली असते ना. खाली बाहेरचं दार नाही गं.”