अडुळशाची फांदी

उदारामचा खोकला धुरपतेला भिंतीपलीकडूनही ओळखू यायचा. गोंदियाच्या त्या राईस मिलच्या मागे मजुरांच्या खोल्यांची रांग होती आणि जवळपास प्रत्येक खोलीत कोणीतरी खोकत असे. उदाराम धान सडायच्या यंत्राखालचा, हलरखालचा भुसा ओढायच्या कामाला. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवया, कान, मान सगळं धुळीनं माखलेलं. धुरपता त्याला दारातच थांबवून फडक्यानं झटकायची. जे छातीत जाऊन बसलं होतं ते फडक्यानं निघणारं नव्हतं.

चोपन्न सालच्या पावसाळ्यात मिल थंडावली तशी दोघं रोवण्याला केशोरीला गेली. ते धुरपतेचं माहेर. धान रोवायला माणसं कितीही असली तरी कमीच. तिचा भाऊ दुधराम, त्याच्या परसाला अडुळशाचं कुंपण होतं. बकऱ्या त्याला तोंड लावत नाहीत म्हणून लावलेलं. धुरपता रोज तिथली पानं खुडायची, आलं टाकून उकळायची आणि पेला नवऱ्यापुढे धरायची.

"किती कडू करतेस वो. मारतेस का मले?"

"प्या गपचूप. मिलातला भुसा तं काई न बोलता गिळता."

रोवणा आटोपेपर्यंत उदाराम रात्रभर सलग झोपू लागला. पोळ्याला तर बैलांमागे पोरासारखा गावभर हिंडला. अडुळशानं माझा माणूस उभा केला, असं धुरपता विहिरीवर भेटेल तिला सांगू लागली.

निघायच्या दिवशी दुधराम मेव्हण्याला म्हणाला, "भाटवे, जाता कायले? धानाच्या बांधीजवळ झोपडं टाकून देतो. मले मानूस पाहिजेच."

उदाराम बायकोकडे पाहत राहिला. जायचं नाही हे त्याच्या डोळ्यांत धुरपतेला स्पष्ट दिसलं. पण रोज पानं खुडून कुंपण उघडं पडलं म्हणून वहिनी कालच कुरकुरली होती, आणि जन्मभर त्या कुरकुरीखाली राहायचं धुरपतेच्या जिवावर आलं.

"भावाच्या दारात नवरा राबवू का मी?" ती म्हणाली. "औषध तं सापडलं आता. जातो आमी."

तिनं एक जाडशी फांदी ओल्या पोत्यात गुंडाळली आणि गोंदियाला नेऊन खोलीमागे लावली.

फांदी जगली. चांगली फोफावली. पानांवर मिलची धूळ साचायची, म्हणून धुरपता एकेक पान धुऊन घ्यायची. मिलचा भुसा फुकट मिळे, तोच शेगडीत ठासून ती काढा उकळायची. नवऱ्याला गार वारा लागू नये म्हणून दार लावून घ्यायची. खोलीत धूर कोंडायचा. काढ्यानं उदारामच्या घशाला आराम पडायचा, आणि आराम पडला की एकही खाडा न करता तो कामावर जायचा.

मग खोकला बळावला. तिनं काढा आणखी घट्ट केला. पुढल्या वर्षी रोवण्याला जायचं तिनं काढलं, तेव्हा वहिनीचं तोंड आठवून तिनं स्वतःच ते मोडलं. त्याच्या पुढल्या हिवाळ्यात उदारामला भिंतीला टेकूनच बसावं लागे.

"केशोरीचा पाला आन," एकदा तो म्हणाला. "याच्यात दम नाई."

"हा केशोरीचाच हाय वो. त्याच झाडाची फांदी."

उदाराम हसला. "मंग पोत्यात तिथली हवा कायले नाई आनली?"

त्यानं चेष्टाच केली होती. पण हसता हसता त्याला ढास लागली, आणि त्याची पाठ चोळता चोळता धुरपतेचा हात थांबला. शेगडीचा धूर तिच्या डोळ्यांसमोर होता. तिनं उठून दार उघडलं. बाहेरून मिलची धूळ आत आली.

होळीच्या आधी उदाराम गेला. त्याला केशोरीला न्यायला दुधराम बैलगाडी घेऊन निघाला होता. तो पोचला तो थेट तिरडीपाशी.

महिनाभरानं शेजारची सुशिलाबाई मागल्या दारी आली. उदारामच्या जागी भुसा ओढायला आता तिचा नवरा लागला होता.

"धुरपताबाई, थोडा पाला देता? ह्यायले लय ढास लागून रायली."

"पाला ने. पन त्यायले पयले गावी ने."

"गावी कोन हाय आमचं?"

धुरपतेचं होतं कोणीतरी. ती खाली बसली, जून पानं पाहून खुडली, बादलीत बुडवून दोन्ही बाजूंनी चोळून धुतली आणि सुशिलाबाईच्या पदरात टाकली.

"उकळताना दार उघडं ठेवजो," ती म्हणाली.