नानांची मूठ आणि ओल काढायचं यंत्र

खानदेशात ओल खरी कळते ती दोघांनाच. एक कापसाला आणि दुसरं माझ्या चुलत सासऱ्यांना. सगळे त्यांना नाना म्हणतात. चाळीस वर्षं त्यांनी जळगावच्या एका जिनिंग कारखान्यात एकच काम केलं. शेतकऱ्याची गाडी फाटकात आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस दाबायचा, एक सरकी दाताखाली फोडायची आणि निकाल द्यायचा. कोरडा असेल तर आत, ओला असेल तर गाडी परत. पुढे ओल मोजायचा मीटर आला, तो नानांनी टेबलाच्या खणात टाकला. म्हणाले, "याला दात कुठे आहेत?"

नाना निवृत्त झाले, मूठ झाली नाही. कोणाकडे जेवायला गेले की आधी उशी दाबून बघणार आणि चारचौघांत सांगणार, "यात निम्मा जुना कापूस आहे, पिंजाऱ्यानं फसवलं तुम्हाला." दोरीवरचे कपडे वाळले की नाही हे त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, ठरवायचं नाही, नानांनी. मी मुलगी बघायला गेलो तेव्हाही तेच. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिला, आणि हे मी कोणी न विचारताही सांगतो. पण त्या दिवशी मी पदवीपर्यंत पोचायच्या आतच नानांनी माझा हात हातात घेऊन दाबला आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "कोरडा माल आहे. टिकेल."

घर बांधताना नानांनी हौसेनं गॅरेज काढलं, गाडी मात्र घेतली नाही. गॅरेजमध्ये कापूस राहतो. नोकरीतल्या प्रत्येक हंगामाचे नमुने, मूठमूठभर, कागदात गुंडाळून, वर गावाचं नाव घालून फळ्यांवर लावलेले. जामनेर, शिरपूर, दोंडाईचा, सगळा खानदेश तिथे. गेले दोन पावसाळे त्याला कुबट वास यायला लागला होता. नाना भिंतीला तळहात लावायचे आणि काकूंना म्हणायचे, "कोरडी आहे. वास तू इथे ठेवलेल्या लोणच्याचा." काकू दोंडाईचाच्या. त्या शांतपणे अहिराणीत म्हणायच्या, "बठ्ठा गावना कापूस पारखा तुम्ही, आन् घरनी ओल कळस नई."

यंदा नमुन्यांवर काळे ठिपके पडले, आणि ते नेमके दोंडाईचाच्या पुड्यांवर. त्याच दिवशी नानांचा मला फोन आला. "तू फिजिक्सवाला ना? हवेतली ओल काढायचं यंत्र असतं म्हणे. चल."

ज्या गावात आठ महिने कूलर विकले जातात, तिथे हे यंत्र मागणं म्हणजे गंमतच. दुकानदार म्हणाला, "नाना, हवेत पाणी सोडणारं मशीन पाहिजे तेवढं देतो. हवेतून पाणी काढणारं जळगावात कोण मागतो?"

"मी मागतो," नाना म्हणाले. "कूलर दाखवू नको."

आठवड्यानं दुकानदारानं दोन यंत्रं मागवली. एक तांब्याएवढं, एक छोट्या फ्रिजएवढं. मी गॅरेजची लांबी-रुंदी, शटरखालची फट, दिवसाला किती लिटर, टाकी की नळी, असं सगळं कागदावर मांडलं होतं. नानांनी कागद घडी करून मलाच परत दिला. पिशवीतून पुडी काढली, दमट कापसाच्या दोन मुठी दोन्ही यंत्रांपुढे ठेवल्या आणि स्टूल ओढून बसले. दोन तास. गिऱ्हाइकं येऊन कापसाचा भाव विचारून गेली. शेवटी नानांनी दोन्हीकडची सरकी चावली आणि तांब्याकडे बोट दाखवलं. "हे कपाळाचा घाम पुसायला ठीक. ते मोठं बांध." माझ्या कागदावरही तेच निघालं होतं, पण ते कोणी विचारलं नाही.

संध्याकाळी शटरखाली गोणपाट कोंबून आम्ही यंत्र सुरू केलं. सकाळी गेलो तर टाकी काठोकाठ भरून यंत्र आपोआप बंद पडलेलं. नाना समोर पायरीवर बसलेले, उजवा हात मांडीवर उताणा ठेवून. काकूंनी चहा ठेवला आणि टोमणा न मारता आत गेल्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"एवढं पाणी होतं," नाना म्हणाले, "आणि मी दोन वर्षं कोरडी कोरडी करत बसलो. हात एवढा चुकतो, तर मग फाटकातून किती जणांच्या गाड्या उगाच परत फिरवल्या असतील रे?"

हवा वेगळी, कापूस वेगळा, हे मी फिजिक्सनं समजावून पाहिलं. ते ऐकत नव्हते. मग मी आजवर कोणालाच न सांगितलेलं सांगितलं.

"नाना, त्यातली एक गाडी माझ्या बापाची होती. मी फर्स्ट इयरला होतो. वजन वाढेल म्हणून रात्री मीच ढिगावर पाणी मारलं. बापाला ठाऊक नव्हतं. त्याचा कोरडा कापूस तुम्ही ओला ठरवलात, असं तो शेवटपर्यंत म्हणायचा."

नानांनी मांडीवरचा हात उचलला. "किती बादल्या?"

"दोन."

"मला तीन वाटल्या होत्या," ते म्हणाले आणि गार झालेला चहा त्यांनी एका घोटात संपवला.

मग दोघांनी मिळून टाकी उचलली आणि लिंबाच्या आळ्यात रिकामी केली. नाना मूठ उघडत-मिटत पुढे चालत होते, स्वतःशीच खूश. मी मागे रिकामी टाकी घेऊन. बाप होता तोवर त्याला हे सांगायला मला पुरी वीस वर्षं मिळाली होती.