काळा कुडा, पांढरा कुडा

तमाम वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, इंग्रजी अमदानीत, शिंदखेड्याच्या एका घरात, माझ्या आतड्यांनी बंड पुकारले होते. रक्त, आव, कळा. चार दिवस बरे, की पुन्हा तेच. धुळ्याच्या डॉक्टरने सुया टोचून पाहिल्या. मी वाळतच चाललो. आणि मला तर मरायला सवड नव्हती. सामाईक विहिरीच्या पाण्यावरून थोरल्या भावावर लावलेला दावा जिंकायचा होता.

भाऊ भिंतीपलीकडे राहायचा. एकमेकांच्या घरचे पाणीसुद्धा वर्ज्य.

जळगावच्या मेहुण्याने औषध म्हणून कुड्याच्या झाडाची साल पाठवली. तिचा काढा मी चहासारखा मिटक्या मारत प्यायचो. गुण शून्य. एका सकाळी भिंतीवर भाऊचे डोके उगवले.

"मजामा पी ऱ्हायना तू. कुडा असा गोड लागस का? आपला आबाले हाऊच रोग व्हता, मी पाजेल शे त्यास्ले. हाऊ काळा कुडा शे, गाढवा. औषधले पांढरा लागस."

"तुले कोन इचारं?" मी म्हणालो.

तो गेला तो थेट सातपुड्याच्या पायथ्याशी. परतला, साल उकळली, आणि कित्येक वर्षांनी आमचा उंबरा ओलांडून तांब्या माझ्यापुढे आदळला. दाराआडून बायको पुटपुटली, "विष असंल." भाऊने ते ऐकले. अर्धा तांब्या स्वतः घशात ओतला. त्याचे तोंड असे काही वाकडे झाले की त्या आजारातही माझा जीव सुखावला.

"ले आते. तू मरना तं दावा कोनासंगे लढू? तुन्ही बायकोसंगे? मानसं थुंकतीन मन्हावर."

मी निव्वळ रागाने प्यालो. जिभेपासून टाचेपर्यंत कडू. मग रोज सकाळी तो यायचा, तांब्या रिकामा होईपर्यंत उभा राहायचा, एक शिवी हासडून जायचा. वर नुसता ताकभात. हळूहळू रक्त थांबले, पायांत जीव आला. दावा मात्र कोणी मागे घेतला नाही.

धुळ्याच्या कोर्टात भाऊ पिंजऱ्यात उभा होता. मी मागे, बाकाची पाठ धरून, घाम पुसत. माझ्या वकिलाने आवाज चढवला, "तुम्ही या धाकट्या भावाचं वाईटच चिंतता, हे खरं ना?"

भाऊने वळून माझ्याकडे पाहिले.

"चिंतस ना, साहेब. पन त्यानं पोट आजून कच्चं शे, त्याले पहिले बसू द्या."