पमाने वाढवून दिलेली मुदत

पमा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या कानात दोन बायका बांगडा माशाच्या तिखल्यावरून वाद घालत होत्या. अंगणात कोकमाची सोलं वाळत घालता घालता मी असलं काहीतरी हलकंफुलकं ऐकत होते, आणि जे ऐकायला हवं होतं त्याचं नाव लिहिलेलं कार्ड पर्समध्ये तसंच पडून होतं. बायकांचे आवाज मध्येच तुटले आणि पमाच्या यजमानांचा आवाज आला. "बाई, प्रमिला गेली." मी "कधी?" एवढंच विचारलं. "आत्ताच, सकाळी," ते म्हणाले. बुधवार होता. पुढे काय बोलले ते मला आठवत नाही. फोन ठेवल्यावर त्या दोन बायका आपसूक पुन्हा बोलायला लागल्या, आणि त्या गप्प कशा करायच्या हेही मला काही क्षण सुचेना.

पमा कट्टा गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होती. ग्रंथपाल, शिपाई, झाडूवाली, सगळं तीच. आम्ही एका वर्गातल्या. मी पुढे शिक्षिका झाले आणि लग्न होऊन धामापूरला आले. ती एसटी थांब्याजवळच्या त्या दोन खोल्यांत राहिली ती अखेरपर्यंत. पाच वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांचा पडदा खराब झाला. डॉक्टरांनी वाचन बंद म्हणून सांगितलं. मी सभासदत्व सोडायला गेले आणि तिच्या टेबलावर डोकं ठेवून रडले, साठीला आलेली बाई. पमाने मला रडू दिलं. मग माझं कार्ड काढलं आणि पुस्तकाच्या रकान्यात एका पॉडकास्टचं नाव लिहिलं. "रेडिओच तो," ती म्हणाली, "पण आपल्या येळान ऐकूचो." माझ्या फोनवर तिने स्वतः सगळं बसवून दिलं आणि पुढे तारीख टाकली, पंधरा दिवसांनंतरच्या शुक्रवारची. मी म्हटलं, "आवाज परत कसो करूचो गो?" तर म्हणाली, "हंय येवन माका सांगूचा. सांगून झाला की परत इला."

तेव्हापासून ती तिची पद्धतच झाली. वाचनालयाच्या व्हरांड्यात बाक होता. शुक्रवारी तिथे बसायचं आणि काय ऐकलं ते तिला सांगायचं. सांगून झालं की ती तुमच्याकडच्या कार्डावर आणि तिच्या लाकडी पेटीतल्या जोडकार्डावर 'परत' असं लिहायची. मगच नवीन नाव मिळायचं. हळूहळू बरीच माणसं तिच्याकडे ऐकण्यासाठी यायला लागली. काजूच्या बागेत दिवसभर एकटा राबणारा माणूस, मुलं परगावी गेलेल्या बायका, तारकर्लीला पाहुण्यांसाठी खोल्या चालवणारी एक विधवा. पमा प्रत्येकाचं नाडीपरीक्षण करूनच नाव द्यायची, आणि स्वतः शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय काही द्यायची नाही. वर सूचना असायच्या. "ह्यां ऐक, पण सुरवातीची सात मिनटां सोड. थंय तो आपली आरती आपणच ओवाळता." एखादं नाव मागूनसुद्धा मिळायचं नाही. "तुका आता ता नको," एवढंच म्हणायची, आणि का ते सांगायची नाही. मुदत उलटली तरी तिने कधी कोणाला फोन केला नाही. म्हणायची, "माणूस आपणहून येता. आपण वाट बघूची."

खोटं मात्र तिच्यापुढे टिकत नसे. कचेरीतून निवृत्त झालेले एक भाऊ जाडजूड कादंबरी दोन दिवसांत परत घेऊन आले. पमाने साळसूदपणे विचारलं, "भाऊनु, त्यातलो डॉक्टर शेवटाक वाचता काय हो?" भाऊ हळहळले, "नाय गो, गेलो बिचारो." पमा म्हणाली, "बरां." बाकी काही नाही. त्यांच्या कार्डावर तिने 'मुदत वाढवली' असं लिहिलं आणि कादंबरी हसतमुखाने त्यांच्या हातात परत दिली. ते गेटबाहेर गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "त्या पुस्तकात डॉक्टरच नाय." आम्ही दोघी पोट धरून हसलो. मी तर नंतर कितीतरी दिवस नुसतं 'बरां' म्हटलं तरी हसायचे...

गेल्या वर्षी तिच्या पोटातला आजार उघड झाला. उपचारांसाठी गोव्याला खेपा सुरू झाल्या. दोन खेपांच्या मध्ये डोक्याला रुमाल बांधून ती वाचनालय उघडायचीच. घरी सगळे जीव टाकणारे, पण तिला बोलू देत नसत. एकदा बाकावर मला म्हणाली, "मी तोंड उघडलंय की सगळे म्हणतत, तसा बोलू नको, बरी होतलंस. माका ठाऊक आसा मी बरी होवचंय नाय. मगे मी बोलू कोणाकडे?" मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "तसा बोलू नको गो." हे वाक्य सांगताना मला माझीच चीड येते.

तिने पुन्हा तो विषय काढला नाही. माझ्या पुढच्या फेरीला कार्डावर एक नाव लिहून दिलं. घरातल्या माणसाचे शेवटचे महिने कसे गेले, हे घरची माणसं सांगतात असा तो कार्यक्रम. "दुसरो भाग ऐक. बेचाळीस मिनटां आसा," ती म्हणाली. "मगे आपण बोलया." तिला काय हवं होतं ते मला तेव्हाच कळलं होतं. न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. घरी येऊन ऐकायला घेतलं. एक मुलगी आईला चमच्याने पेज भरवल्याचं सांगत होती. चौथ्या मिनिटाला मी बंद केलं. रोज म्हणायचे, उद्या ऐकीन.

शुक्रवार आला तोवर पमा अंथरुणाला खिळली होती. कार्डांची पेटी तिने घरी मागवून उशाशी ठेवली होती. मी गेले नाही, फोन केला. धामापूरहून कट्ट्याला जायला कितीसा वेळ लागतो... पण फोन केला. तिने क्षीण आवाजात विचारलं, "ऐकलंस?"

"ऐकलंय," मी म्हटलं. "बरा आसा."

"मगे पंचविसाव्या मिनटाक तो म्हातारो कित्याक हसता?"

मी क्षणभरही अडखळले नाही. "बायलेची आठवण येता म्हणान," मी म्हटलं.

ती म्हणाली, "बरां."

मी चौतीस वर्षं शिकवलं. खोटं बोलणारं पोर ओळखण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. तो सापळा मी स्वतः बाकावर बसून पाहिलेला, त्यावर पोट धरून हसलेली. तरी मला तो शब्द ओळखू आला नाही. मी सुटले असंच मला वाटलं आणि घाईघाईने तिला यंदाच्या आंब्याचं विचारलं. ती आंब्यावर बोलली. नंतरचे बारा दिवस मी फोन केला नाही. तिनेही केला नाही.

दिवसकार्य उरकल्यावर मी तो भाग ऐकला. त्यात म्हातारा नाही. आई आणि मुलगी, तिसरं माणूसच नाही, आणि बेचाळीस मिनिटांत कोणी एकदाही हसत नाही. पंचविसाव्या मिनिटाला ती मुलगी सांगते, आई जाण्याबद्दल बोलायला लागली की मी पंखा वाढवायच्या निमित्ताने उठायचे. ज्या बाईने मला डोळे गेल्यावर कान दिले, तिने आयुष्यात एकदाच माझा कान मागितला होता, आणि मी तिला खोटं सांगितलं. ते आता कोणासमोर कबूल करायचं? काळ जाऊ दे, म्हणतात सगळे. काळ गेल्याने हे खोटं खरं होणार आहे का?

मागच्या शुक्रवारी कार्ड घेऊन कट्ट्याला गेले. वाचनालय आता समितीतले एक गृहस्थ दोन तास उघडतात. बाक तिथेच आहे. पमाच्या यजमानांनी पेटी आणून दिली होती, तिच्यातून त्या गृहस्थांनी माझं जोडकार्ड शोधून दिलं. अक्षरं वेडीवाकडी होती, झोपून लिहिल्यासारखी. डोळ्यांजवळ नेऊन, भिंगातून, एकेक अक्षर लावत मी वाचलं. 'मुदत वाढवली.' पुढे नेहमीप्रमाणे पंधरा दिवसांनंतरचा शुक्रवार.

म्हणजे ती वाट बघत होती. मी खोटं बोलले हे कळूनही, बारा दिवस, कार्ड उशाशी ठेवून, मी आपणहून येईन म्हणून. बुधवारी ती गेली तेव्हा माझी मुदत अजून दोन दिवस शिल्लक होती.