गांडुळांची घागर

त्या दुष्काळात टँकर आला की मला आंघोळीला तांब्याभर पाणी मिळायचं आणि धाकट्या जावेच्या गांडुळांना अख्खी घागर. सासूचाच तसा हुकूम. बायकांच्या सहकारी संस्थेनं जावेला शेणखतात गांडुळं सोडलेलं एक पिंप दिलं होतं. मलाही सभासद हो म्हणाल्या होत्या, मीच नाक मुरडलं. पिंपावर बुडाला वात घातलेलं मडकं टांगलेलं, महादेवाच्या पिंडीवर असतं तसं. त्यातलं पाणी थेंब थेंब गांडुळांवर पडायचं आणि खालच्या तोटीतून चहाच्या रंगाचं होऊन निघायचं. ते पातळ करून घातलं की तिची वांगी काळीभोर चमकायची. शेजारच्याच वाफ्यातली माझी पिवळी. मी नुसती जळायचे.

दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली. जाताना म्हणाली, "आक्का, मडकं तेवढं भरत जावा. अन् तोटीचं पाणी तुमच्या वांग्यालाबी घाला."

तिच्या उपकाराचं पाणी, माझ्या वांग्याला? माझी वाळली, पण एक थेंब घातला नाही. तिच्या वाफ्याला मात्र रोज घातलं, नाहीतर गावभर झालं असतं की थोरलीनं डूख धरून झाडं मारली.

ती परतल्यावर संस्थेच्या बाया पिंप बघायला आल्या. तिची हिरवीगार झाडं बघून तिचं कौतुक करायला लागल्या. तिनं माझा हात धरून मला पुढं ओढलं.

"माझं काय हाय यात? आमच्या आक्कांनी जगवलं हे सगळं."

सगळ्या माझ्याकडं वळल्या. म्हणजे चांगुलपणासुद्धा तीच घेऊन गेली.