वाढणारी आधी जेवते

वच्छला गेल्याचं कळलं तेव्हा मी गच्चीवर चण्याची डाळ पसरत होते. दोन दिवसांच्या झडीनंतर ऊन पडलं होतं. सून फोन घेऊन वर आली. पलीकडे वच्छलाचा मुलगा होता. "मावशी, आई गेली... सकाळीच." मी म्हटलं, "येऊन राहिली मी." फोन सुनेच्या हातात दिला आणि डाळ पसरतच राहिले. तेव्हा मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आता महालक्ष्म्यांच्या जेवणाला वाढणार कोण? रडू नंतर आलं, तेही थोडंच. खोटं कशाला लिहू? चाळीस वर्षांच्या वर माझ्या घरची पंगत तिने वाढली. माणूस गेलं की आधी त्याची रिकामी जागा दिसते, आणि तिची जागा माझ्या स्वयंपाकघराच्या दारात होती.

त्या दिवसापासून माझा पाय एका जागी ठरेना. डबे उघडून पाहायचे, लावायचे, परत उघडायचे. गहू निवडायला बसले की उठून दारापर्यंत जायचं. दारात काही नसायचं. सून, स्मिता तिचं नाव, शेवटी म्हणाली, "आई, नुसत्या येरझाऱ्या घालण्यापेक्षा लिहून काढा ना." लिहायला म्हणून बसले आणि एक ओळ लिहून पुन्हा उठले. हा मजकूर असाच उठत-बसत झाला आहे.

पारशिवनीच्या पुढे आमचं गाव. वच्छी आणि मी चौथीपर्यंत एकाच तरटावर बसलो. तिच्या घरी धानाची शेती होती. कापणीच्या दिवसांत तिची आई मजुरांच्या जेवणाचं टोपलं तिच्या डोक्यावर देऊन शेतात पाठवायची, पण त्याआधी तिला पोटभर जेवू घालायची. माझ्या घरी पोरी सगळ्यांच्या मागून जेवायच्या, म्हणून मला नवल वाटायचं. मी एकदा विचारलंच, "काकू, हे काहून पहिले जेवते?" काकू म्हणाल्या, "उपाशी पोरीच्या डोक्यावर टोपलं दिलं तर तिचा जीव टोपल्यातच राहते. वाढताना हात मागं येते." मी ऐकलं आणि विसरले. वच्छी विसरली नाही.

लग्न होऊन दोघीही नागपुरात आलो, महाल भागातच, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. तिचा नवरा शिवणकाम करायचा, माझे यजमान गिरणीत होते. आमच्या घरी महालक्ष्म्या उभ्या राहतात, आणि दुसऱ्या दिवशीचं जेवण म्हणजे साठ पानं तरी होतात. सासूबाई होत्या तोवर मला त्याचा भार कळला नाही. त्या गेल्या, दोन वर्षांत गिरणीही बंद पडली, आणि भाद्रपद तर यायचा तो आलाच. यजमान म्हणाले, यंदा पाच सवाष्णी जेवू घालू, देवी समजून घेईल. मी हो म्हणणारच होते. तेवढ्यात वच्छी आली. "देवी समजून घेईल, पण तुझी नणंद नाही घ्यायची. चल, पिशवी घे," म्हणाली.

बुधवार बाजारात बाजार उठायच्या वेळेला तिने मला नेलं. सोळा भाज्या लागतात, त्या मी पाव-पाव किलो घ्यायची. तिने एक मोठं लाल कोहळं घेतलं आणि बाकीच्या पंधरा भाज्या एकेक मूठ मागितल्या. "महालक्ष्मीच्या भाजीले दे वं बाई एक मूठ," असं म्हटल्यावर कोणी नाही म्हणत नाही. काहींनी तर तशाच दिल्या. घरी येऊन कोहळ्यात सगळं मिसळलं आणि साठ माणसांची भाजी झाली. ज्वारीची आंबील मोठ्या गंजात केली. ती लोक पानावर बसल्याबरोबर वाढायची, वाटी भरून, म्हणजे भुकेचा पहिला जोर ओसरतो. पुरण भरपूर, तूप वाढताना मात्र धार उंचावरून धरायची. उंचावरची धार जास्त दिसते. हे सगळं मी तिच्याकडून शिकले. उधार नेलेली वस्तू ती परत आणत नसे, माझा एक चांगला पोळपाट आजही तिच्याच घरी असेल. बढाया मारायची, खोटंही सहज बोलायची. पण पंगत वाढावी तर तिनेच.

पंगतीत ती कोणाला "पोळी पाहिजे का?" असं कधी विचारत नसे. "घ्या, लय आहे," म्हणायची. टोपल्याचा तळ दिसत असला तरी तिचं तोंड भरल्या गंजासारखं असायचं. लोकांना वाटायचं आत डोंगर आहे, आणि डोंगर आहे म्हटलं की माणूस हावऱ्यासारखं खात नाही. मला तर ती बाहेर येऊच द्यायची नाही. मी पहाटेपासून निरंकार, शेवटची पंगत उठल्याशिवाय पाणीही घ्यायची नाही, आणि त्याचा मला गर्व होता. वच्छी म्हणायची, "गिरजे, तू आतच राह्य वं. तुझं तोंड पाहून लोक ताटातली पोळी परत देतात."

ती स्वतः आधी जेवायची. पहिल्या वर्षी तर नैवेद्याच्याही आधी बसली होती, तेव्हा आमचं चांगलंच वाजलं. मग ठरलं, की नैवेद्य झाला की पंगत वाढायच्या आत तिने जेवायचं. स्वयंपाकघराच्या दारामागे पाट टाकायचा आणि एक जुनं पितळेचं ताट, एका बाजूला पोचा आलेलं, ते तिचं. दोन पोळ्या, भाजी, कढी, भात, सगळं सावकाश जेवायची. बाहेर लोक पानांवर बसलेले असायचे आणि ही आत कढी पिऊन हात चाटायची. माझा जीव खालीवर व्हायचा. मी म्हणायची, "उरक ना वं!" ती म्हणायची, "वाढणारी जेवली की पंगत जेवते." मग पदर खोचून उठायची, आणि पुढचे तीन तास मला काही पाहावं लागायचं नाही.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. नणंदबाई त्या वर्षी लवकर आल्या, आणि हात धुवायला म्हणून थेट आत आल्या. दारामागे वच्छी जेवत होती. नणंदबाईंचा आवाज मूळचाच मोठा. "काय वं वहिनी! घरची सून उपाशी, पाहुणे पानावर बसले, अन् ही बाहेरची बाई पहिले जेवून राहिली? देवीचं घर आहे का खानावळ?" बाहेरच्या सगळ्यांनी ऐकलं. वच्छीचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला फक्त माझं एक वाक्य हवं होतं. वाढणारी जेवते आहे, थांबा, एवढंच. पण नणंदबाईंसमोर माझी जीभ उचलली नाही. मी म्हटलं, "ऊठ वच्छे. मागून जेवजो." तिने तोडलेला तुकडा ताटात ठेवला, हात धुतले आणि उठली.

त्या वर्षी तीन पंगती झाल्या आणि शेवटी टोपल्यात चाळीसेक पोळ्या उरल्या. कढीचा गंज अर्धा भरलेला. मला कळेचना. आणि जाणारी माणसं दारात एकमेकांना म्हणत होती, यंदा हात आखडला यांनी. नणंदबाई स्वतःच म्हणाल्या, "वहिनी, पोट नाही भरलं हो यंदा." एवढं अन्न घरात, आणि लोक अर्धपोटी गेले! मी वच्छीवर उखडले. "तू वाढत होती का मोजत होती?" ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "मले काय माहीत वं... सकाळपासून पोटात कावळे. मले वाटे, पुरणार नाही. पोळी उचलली की वाटे, अर्धीच द्यावी." मी तरीही बोलतच राहिले. मग तिच्यासमोर ताट ठेवलं. ती म्हणाली, "आता नाही जात," आणि घरी गेली.

मला वाटलं, पुढच्या वर्षी यायची नाही. आली. वेळेवर आली, कामाला लागली. नैवेद्य झाल्यावर मी दारामागे पाट टाकला, ते ताट मांडलं, दोन पोळ्या वाढल्या. तिने ताटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी घरून जेवून आली." तसंच तिसऱ्या वर्षी. चौथ्या वर्षी. साठ माणसांना पुरणपोळी वाढणारी बाई सणाच्या दिवशी घरून भाकर खाऊन यायची, कारण पोट भरलेलं असल्याशिवाय तिला वाढता येत नव्हतं, आणि माझ्या घरी पोट भरायला ती आता बसणार नव्हती. वाढायची मात्र पूर्वीसारखीच, "घ्या, लय आहे." बाकी वर्षभर आमचं सगळं ठीक होतं. सीताबर्डीला सोबत जायचो, भांडायचो, हसायचो. फक्त त्या एका गोष्टीवर दोघी बोललो नाही. मी दरवर्षी ताट मांडत राहिले. मांडणं सोपं असतं.

शेवटची भेट ती जायच्या दहा-बारा दिवस आधीची. खाटेवर पडून होती, पण जीभ शाबूत होती. यंदा कोहळं महाग होणार की स्वस्त, यावर आमचं वाजलं. मी तिच्या घरी जाताना ठरवून गेले होते, की आज ते बोलायचं. दोनदा उठले, दोनदा बसले. पाणी दिलं, चादर नीट केली, खिडकी उघडली, पुन्हा लावली. ती म्हणाली, "काय वं गिरजे, बुडाखाली इंगळ्या आहेत काय? बस ना जरा." मी म्हटलं, "गॅसवर दूध ठेवून आली." दूध वगैरे काही नव्हतं. मी निघून आले.

भाद्रपद जवळ आला. नणंदबाईंचा फोन आला, "आपल्याले काही सुतक नाही ना, मग करायचंच." मी म्हटलं, हो, सुतक नाही. ती आमची कोणी लागत नव्हती... माझ्या मुलाचं काम यंदा सुटलेलं, हात तंगच होता. स्मिता म्हणाली, "आई, बुफे ठेवू या. लोक आपलं आपलं घेतील, वाढायची भानगडच नको." बोलणं चुकीचं नव्हतं. मी रात्रभर तेच घोकत राहिले. लोक आपलं आपलं घेतील. मग सकाळी उठून म्हटलं, "नाही. मी वाढते." स्मिता माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. हेच ते तोंड, ज्याला पाहून लोक पोळी परत देतात.

परवा जेवण झालं. कोहळं मोठं मिळालं, मुठी-मुठीने भाज्या आणल्या, आंबील झाली, नैवेद्य झाला. पहिली पंगत बसली. नणंदबाईंचे गुडघे गेले आहेत, त्या खुर्चीवर. मी दारामागे पाट टाकला. पोचा आलेलं ताट घेतलं. दोन पोळ्या वाढल्या, कढी घेतली आणि बसले. पन्नास वर्षांत त्या दिवशी इतक्या लवकर माझ्या पोटात अन्न गेलं नव्हतं. पहिला घास तोडला आणि परत ताटात ठेवला. पुन्हा उचलून खाल्ला. मग दुसरा. बाहेरून नणंदबाई ओरडल्या, "वहिनी, पानं वाळून राहिली! आत काय चाललं?" स्मिता हातातली पोळी तव्यावर टाकायची थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली. मी घास गिळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "वाढणारी जेवून राहिली. थांबा."

बाहेर कोणीतरी खाकरलं, एका पोराने पाणी मागितलं. मी दुसरी पोळी खाल्ली, कढी प्यायली. पाच-सात मिनिटं लागली असतील. लोक थांबले. थांबतात लोक. तेव्हाही थांबले असते.

पोळ्या पुरल्या. चार उरल्या. ताट धुऊन स्मिताने मांडणीत, बाकीच्या ताटांसोबत लावलं होतं. मी ते काढून परत दारामागे ठेवलं आहे.