कंटिन्युइटीची दाढी

आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये एक होतकरू नट येतो. केस कापून घेतो, पण दाढीला हात लावू देत नाही. एका सिनेमात त्याचा एक सीन झालाय, दुसरा बाकी आहे. "कंटिन्युइटीसाठी दोन्हीकडे चेहरा सारखा दिसायला हवा, दाढी ठेव, आम्ही बोलावतो," असं सिनेमावाल्यांनी त्याला सांगून पाच महिने झाले.

आज माझा नंबर यायची वाट बघत होतो, तो माझ्यासमोर खुर्चीत होता. तेवढ्यात टीव्हीवर त्याच सिनेमाचा ट्रेलर लागला. त्याने मोबाइलवर दाखवलेल्या सीनच्या फोटोतला शर्ट तोच, दाढी तशीच, माणूस मात्र दुसरा. त्या दुसऱ्याची दाढी चिकटवलेली आहे, हे मलासुद्धा कळलं.

अरे, माणूस बदलायचा तर बदला, पण एक फोन तरी करा! नकार पचवता येतो. इथे मात्र सिनेमावाल्यांची थाप याच्या गालांवर रोज थोडी थोडी वाढत राहिली, आणि हा तिला आरशासमोर जपून विंचरत राहिला.

न्हाव्याने टीव्ही बंद केला. हळूच विचारलं, "काढू का रे?"

त्याने दोन्ही हातांनी गाल झाकले.

"नको काका. एकदा फोन करून विचारतो."